साफ केलेला आवाज

उम्मेहानीनं झेरॉक्सच्या मशीनवरून मोबाइल उचलला, आवाज मोठा केला आणि ओरडली, "अगे भुवना, हे ऐक की! हे तूच हाईस गे!" भुवनेश्वरीची बोटं कीबोर्डवर जिथल्या तिथं थांबली. आधी बासरी वाजली. ही बासरी कुठून टपकली देव जाणे. मग मोबाइलमधली एक बाई म्हणाली, "नमस्कार, मी भुवनेश्वरी. धाराशिवहून बोलतेय." असं, सरळ. कुठं अडली नाही, थांबली नाही, श्वास गिळला नाही, नाव घेऊन निवांत पुढं निघून गेली. भुवनेश्वरीला उभ्या आयुष्यात स्वतःचं नाव असं घेता आलं नव्हतं. 'भु'वर तिचे ओठ मिटायचे ते मिटायचेच, गळ्याच्या शिरा ताठ व्हायच्या, डोळे आपोआप बंद व्हायचे, आणि समोरचा माणूस एक तर खाली बघायचा, नाहीतर "भारती? भाग्यश्री?" असं सुचवायला लागायचा. शाळेत हजेरीला नुसतं 'हजर' म्हणायचं असतं म्हणून तिचं शिक्षण तरी झालं. आणि ही कोण बया तिचं नाव घेऊन मोकळी झाली होती? आवाज तर तिचाच होता. सर्दी नसताना सर्दी झाल्यासारखा, थोडा जाड. उम्मेहानीच्या डोळ्यांत पाणीच आलं. "कुठं दवा घेतलीस गे? मला बी बोलली न्हाईस." काउंटरला टेकून प्रतिज्ञापत्राची वाट बघत उभा असलेला माणूस, ज्याला मघापासून नोटरीकडं जायची घाई होती, तोही घाई विसरून "वा, मॅडम!" म्हणाला.

आनंद व्हायला पाहिजे होता, नाही का? कुणालाही झाला असता. भुवनेश्वरीला राग आला. असला राग, की तिनं समोरचा कीबोर्डच पुढं ढकलून दिला. आपली साडी नेसून, आपले दागिने घालून भलतीच बाई आपल्या घरच्या कार्यात मिरवत असावी आणि लोकांनी तिलाच नमस्कार करावा, तसं काहीतरी तिला झालं. हे कुणी केलं ते विचारायची गरज नव्हती. विरेशशिवाय कोण करणार? धाकटा भाऊ, लाडका भाऊ, मोबाइलच्या दुकानाचा मालक. तिनं त्याच्याकडं रेकॉर्डिंग दिलं ते शेजारच्या कूकरच्या शिट्ट्या काढायला. शिट्ट्या काढ म्हणाली होती ती. चांगलं कागदावर लिहून दिलं होतं, कारण 'कूकर' म्हणायला तिला वेळ लागतो. मला काढ असं कुठं लिहिलं होतं तिनं?

आणि हे सगळं सुरू तरी कशावरून झालं, तर एका चहावरून. कोर्टासमोरच्या या टायपिंगच्या दुकानात बसून ती वर्षानुवर्षं दुसऱ्यांची वाक्यं टाइप करत आलीय. 'मी खालील सही करणार शपथेवर सत्य कथन करते की', एवढं तर ती झोपेतसुद्धा टाइप करेल. एका कानात इअरफोन. कानात कुणी ना कुणी बोलत असायचं, भूत सांगणारे, शेअर बाजारवाले, आयुष्य कसं जगावं ते शिकवणारे. हे शेवटचे तर तिच्या डोक्यात जायचे. पण गेल्या हिवाळ्यात एक बाई कानात आली. ती कुठल्याशा गावची, आणि दुपारी एकटीनं चहा पिताना तिला काय काय वाटतं एवढंच सांगत होती. मध्येच म्हणाली, थांबा हं, साखर विसरले, आणि उठून गेली. सगळ्या ऐकणाऱ्यांना तसंच बसवून ती बाई खुशाल साखर घालून आली. भुवनेश्वरीनं टाइप करायचं सोडून दिलं होतं. थांबा, असं जगाला म्हणता येतं? आणि जग थांबतं? त्या दिवशी घरी जाताना तिनं ठरवून टाकलं, आपणही असं बोलायचं, रेकॉर्ड करून. विरेशला कळल्यावर तो उड्याच मारायला लागला. कॉलरला लावायचा माइक त्यानं आणला, पॉडकास्टचं नाव त्यानंच ठेवलं, 'मनमोकळं'. तिला ते नाव अजिबात आवडलं नव्हतं. पण हे नाव बदल म्हणायला तिला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात त्यानं चित्रसुद्धा बनवून टाकलं, जास्वंदीच्या फुलाचं.

गाद्या ठेवायच्या खोलीत आवाज घुमत नाही असं विरेशनंच शोधून काढलं होतं. तिथं ती दर रविवारी दुपारी जाऊन बसायला लागली. पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज येतो. दार बंद, कारण अव्वाचा, म्हणजे आईचा, आवाज येतो. उन्हाळा सुरू झालेला, डोक्यावर गोधडी, पाठीवरून घाम ओघळतोय आणि हातात मोबाइलवर तो लाल ठिपका. त्या ठिपक्याची तिला जी भीती वाटायची ती बोर्डाच्या तोंडी परीक्षेची वाटली नसेल. पहिल्या रविवारी नुसता श्वास रेकॉर्ड झाला. दुसऱ्या रविवारी श्वास आणि मग 'न-न-न' आणि मग तिनंच चिडून हाणलेली शिवी. ती पुसली. पुन्हा बसली, पुन्हा पुसलं. पुसता पुसता एके दिवशी तिच्या ध्यानात आलं, की इथं कुणी आपलं वाक्य पूर्ण करत नाहीय. मोबाइल गप्प बसून आहे. भाग्यश्री का म्हणून विचारत नाही, पाणी देऊ का म्हणत नाही, कीव आल्यासारखं तोंड करत नाही. लाल ठिपका आहे तिथंच आहे. तिनं 'भु'वर अडायचं तेवढं अडून घेतलं आणि मग बोलत सुटली. सुटली म्हणजे आपल्या चालीनं.

तिच्या बोलण्यावर लोकांनी काय काय उपाय केले ते लिहायचं तर रिम कमी पडेल. बेंबळीच्या मामांच्या मळ्यात पेरूची झाडं होती, पोपटानं टोचलेले पेरू मामा हुडकून हुडकून पाठवायचे आणि अव्वा ते हिला खायला घालायची, पोपटाचं उष्टं खाल्लं की जीभ सुटते म्हणून. धड पेरू इतरांना, फुटका हिला. देवळातली घंटा उलटी करून तिच्यातलं पाणी पाजलं, ते पितळेचं कडू पाणी. उम्मेहानीची आई शरिफाबी तिला दर्ग्यात घेऊन गेली, फुंकलेली साखर जिभेवर ठेवली. ती साखर गोड तरी होती. शरिफाबी घाई करायची नाही, पदराला गाठी मारत बसून राहायची, आणि हिचं वाक्य संपल्यावर "व्हय का गे?" म्हणायची. बाकी सगळ्या दुनियेला घाई. एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत तिनं एकदा 'बेंबळी' म्हणायला तोंड उघडलं, 'बे-बे' झालं, आणि आतला गृहस्थ "बार्शी ना? ती काय लागलीय" म्हणून मोकळा झाला. मागं रांग. लोक करवादलेले. ती जाऊन बार्शीच्या गाडीत बसली, बार्शीचं तिकीट काढलं, बार्शीला उतरली आणि परत आली. मामांकडं त्या दिवशी जेवायला वाट बघत होते. घरी काय सांगितलं? गाडी चुकली म्हणून सांगितलं. असल्या किती गोष्टी दुसऱ्यांनी पूर्ण केलेल्या वाक्यांमुळं तिच्या गळ्यात पडल्या. न आवडणारा रंग, न मागितलेली भाजी, नको असलेलं 'मनमोकळं'. आणि या सगळ्यांत पटाईत विरेश. लहान असल्यापासून तो तिच्या तोंडाकडं बघायचा आणि पहिल्या अक्षरावरून पुढचं सगळं सांगून टाकायचा, आणि बहुतेक वेळा ते बरोबर असायचं. लोक म्हणायचे, बहिणीवर किती जीव आहे बघा. होताच. म्हणून तर काही बोलता यायचं नाही त्याला.

"पुढचं ऐक की," उम्मेहानी म्हणाली, "आता ते पाहुण्यांचं येतंय. अगे, हे सगळं झालं हुतं तुझ्यासंगं? अल्ला." मोबाइलमधली बाई आता आळंदच्या पाहुण्यांवर आली होती. कर्नाटकातलं आळंद, इथून फार लांब नाही. भुवनेश्वरी तेव्हा तेविशीची. घरात सगळे कानडी बोलतात, अव्वा मुरूमकडची, वडलांची, म्हणजे अप्पांची, आईसुद्धा तिकडचीच, भुवनेश्वरीला स्वप्नं पडतात ती कानडीत. पण अप्पांनी डोकं लढवलं. मध्यस्थाला सांगून ठेवलं, की पोरगी धाराशिवात वाढली, मराठी शाळेत शिकली, तिला कानडी अजिबात येत नाही, म्हणून गप्प असते. पाहुण्यांना मराठी धड येत नव्हतं. म्हणजे ते मराठीत विचारणार नाहीत, ही कानडीत बोलणार नाही, आणि तोतरी आहे ते कळायच्या आत अक्षता पडतील. शरणबसप्पा भुसारवाल्यांची, म्हणजे अप्पांची, युक्ती. भुवनेश्वरीला सांगितलं, तू नुसतं बसायचं, कानडी ऐकलं तरी तोंडावर काही दाखवायचं नाही. ती बसली. समोर सुशीलाच्या, भिजवून फोडणी दिलेल्या मुरमुऱ्यांच्या, बशा, पाहुणे खातायत, आणि खाता खाता तिच्याबद्दल कानडीत बोलतायत, तिच्या देखत, खुल्या आवाजात, खुर्चीबद्दल बोलावं तसं. रंग बरा आहे. पाय मोठे आहेत. हातानं चपळ दिसते. मुलाची आत्या होती, नाकात मोठी चमकी. तिनं हिला नाव विचारलं, मराठीतच, मोडकंतोडकं. अव्वानं घाईघाईनं उत्तर दिलं. आत्यानं हिच्या ओठांकडं बघितलं. तिला कळलं. बायकांना कळतं. मग ती हसून म्हणाली, "इकीगे बायीन इल्ला, छलो आतु." हिला तोंडच नाही, बरं झालं. उलटून बोलायची नाही, घर थंड राहील.

यातलं पाहुण्यांचं बोलणं मोबाइलमधल्या बाईनं सांगितलं. छान सांगितलं. एखाद्या समारंभात सूत्रसंचालन करणारी बाई सांगेल तसं, जिथं जोर द्यायचा तिथं जोर, जिथं थांबायचं तिथं बासरी. प्रतिज्ञापत्रवाला माणूस "च्च च्च" करत होता. भुवनेश्वरीला ओरडावंसं वाटत होतं, अरे बाबांनो, तोंड नाही म्हटलेली बाई अशी घडाघडा बोलेल का? जिचं तोंड असं चालतं तिनं तिथंच आत्याला उत्तर नसतं दिलं? गोधडीखाली तिनं हा प्रसंग सांगितला तेव्हा त्या 'इकीगे'पाशी ती इतकी अडकली होती, की मध्ये शेजारच्या कूकरची शिट्टी होऊन गेली, गल्लीतून भंगारवाला ओरडत गेला, आणि तरी ती तिथंच होती. ते अडकणं म्हणजेच तर ती दुपार होती. ते कापलं तर मागं राहिलं काय? एक दुःखी गोष्ट राहिली. आणि तिला एकदम जाणवलं, की बाई पुढं निघून गेलीय. "मग मी त्या स्थळाला नकार दिला," बाई म्हणत होती, "आणि त्याचं कारण आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं." बासरी. भुवनेश्वरीनं मोबाइल उम्मेहानीच्या हातातून हिसकावून घेतला, बोटानं मागं ओढलं, पुन्हा ऐकलं. पुन्हा ओढलं. नव्हतं. मधलं नव्हतंच. ती आत्या ते वाक्य कुणाकडं बघून म्हणाली ते नव्हतं. ती अप्पांकडं बघून म्हणाली होती. आणि अप्पा हसले होते. सुशीलाची बशी हातात धरून, मान मागं टाकून, दात दिसतील असे हसले होते. पाहुण्यांना वाटत होतं हिला कानडी कळत नाही. अप्पांना तर माहीत होतं ना? हिला शब्द न् शब्द कळतो हे माहीत असून तिच्या समोर बसून अप्पा हसले. एवढ्यासाठी तर ती त्या उकाड्यात गोधडीखाली बसली होती! आत्याचं काय, आत्या परकी. लोक बोलतातच. पाऊण तास जीभ सोलवटून तिनं जे सांगितलं होतं त्यात खरं तर एवढं एकच सांगायचं होतं, आणि विरेशनं नेमकं तेवढंच शिट्टीबरोबर काढून टाकलं होतं.

ती उठली. पर्स घेतली. उम्मेहानी "अगे काय झालं? कुठं चाललीस? ह्यांचं टायपिंग?" म्हणेपर्यंत ती पायऱ्या उतरून रस्त्यावर आली होती. ऊन मी म्हणत होतं. रिक्षावाल्यानं हात केला, ती थांबली नाही. रिक्षात पत्ता सांगावा लागतो. चालत राहिली, कोर्टाच्या भिंतीच्या कडेनं, रसवंतीच्या घुंगरांवरून, आणि चालता चालता मनातल्या मनात विरेशशी भांडत राहिली. मनात ती कधीच अडखळत नाही. मनात तिच्यासारखी भांडखोर बाई अख्ख्या जिल्ह्यात नसेल. आत्याला तिनं मनात आजवर इतक्या वेळा उत्तर दिलंय, आणि दर वेळी चोख कानडीत, की आत्या खरी भेटली तर बिचारीला आता जुनं वाटेल. अप्पांना मात्र मनातसुद्धा कधी विचारलं नव्हतं. त्यांच्या बाजूनं ती स्वतःच बोलून घ्यायची. पाहुणे होते, मान ठेवावा लागतो. भीतीनं हसले असतील. कसनुसं हसू असेल ते, तुला तेव्हा नीट दिसलं नसेल. साखरपुड्याची तारीख ठरली तेव्हा ती खोलीतून बाहेर आली नाही, आणि दाराआडून 'नाही' म्हणाली. 'नाही' तिला न अडता येतं, तेवढा एक शब्द देवानं दिलाय. कारण सांगितलं नाही. कारण लांबलचक होतं. अप्पांनी पुढं कितीतरी महिने तिच्याशी बोलणं टाकलं. एवढं चांगलं स्थळ, एवढी माणसं हो म्हणाली, हिला कसला माज आलाय म्हणून नातेवाईक बोलले. तो माज तिनं अंगावर वागवला. अप्पांची लाज झाकायला वागवला. आणि आता कुठं तो उतरवायला बसली, तर भावानं येऊन पुन्हा वरून शाल पांघरली.

घराचं दार उघडंच होतं. अप्पा समोरच्या खोलीत खुर्चीवर बसून फोनवर बोलत होते, कपाळावर विभूतीचे पट्टे, आवाज गल्लीच्या टोकाला जाईल असा. "व्हय व्हय, आमची भुवनाच ती! सगळ्या ग्रुपवर टाकलंय म्या. ऐकलं न्हवं त्या आळंदवाल्यांचं? असली माणसं! आपसात असं बोलत हुती म्हणं. माझ्या कानावर आलं असतं न्हवं, तर चहाचा कप तोंडावर मारला असता बघा, देवाची आण." भुवनेश्वरी उंबऱ्यात एक चप्पल काढून, एक पायात ठेवून उभी राहिली. ते नुसतं कापलेलं नव्हतं तर. कापलेल्या जागी अप्पा जाऊन बसले होते, चहाचा कप घेऊन. अप्पांनी तिला बघितलं आणि त्यांचा चेहरा असा फुलला, की असा चेहरा तिनं तिच्या बाबतीत कधी बघितला नव्हता. "आलीच बघा! घ्या, बोला तिच्याशी. आता बोलती न्हवं चांगलं!" आणि त्यांनी फोन तिच्यापुढं धरला. "मुरूमचे काका हायेत. बोल." पलीकडून "हॅलो, भुवनेश्वरी? हॅलो?" ऐकू येत होतं. तिनं फोन घेतला आणि बंद करून टाकला.

"आगं, आगं!" अप्पा म्हणाले. आतून विरेश आला, जेवता जेवता उठलेला, उष्टा हात तसाच. "अक्का, ऐकलंस? कसं झालंय? आठवडाभर बसलोय बघ. एकेक तुकडा कापून जोडलाय. आणि मधल्या जागा मशीननं तुझ्याच आवाजात भरल्या. कुणालाच कळणार न्हाय." त्याच्या डोळ्यांत ती कधी एकदा कौतुक करते असं झालेलं. त्याला चापट मारावी का मिठी मारावी, तिला कळेना, आणि त्याचाही राग आला. तिनं विचारलं, "अप्पांचं कुठंय?" एवढ्याला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागला. विरेशनं या वेळी वाक्य पूर्ण केलं नाही. तिच्या पहिल्या अक्षराबरोबर त्याला सगळं कळलं होतं, आणि त्यानं नजर खाली घातली. "ते घरातलं हाय, अक्का," तो हळूच म्हणाला, "ते कशाला बाहेर? वय झालंय त्यांचं."

"काय माझं?" अप्पा म्हणाले. "काय घरातलं?" अव्वा पदराला हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. भुवनेश्वरी अप्पांकडं वळली. 'अप्पा' हा शब्द हाक म्हणून तिला फार जड जातो. बाकीचे शब्द ओठांवर अडकतात, हा खाली छातीतच अडकतो, बाहेर काही ऐकूसुद्धा येत नाही. कित्येक वर्षं ती त्यांना हाकच मारत नाही, जवळ जाऊन उभी राहते, ते वर बघेपर्यंत. आता ती तोंड उघडून उभी होती आणि काहीच येत नव्हतं. "पाणी देऊ का?" अव्वा म्हणाली. "बस आधी, उन्हातून आलीस," अप्पा म्हणाले. "अक्का, मी सांगतो त्यांना, तू..." विरेश म्हणाला. तिनं हात वर केला. पोलीस करतो तसा, पंजा उघडून, तिघांच्या समोर. आणि तो तसाच धरून ठेवला. विरेशच्या हातावरचं वरण वाळत चाललं. मग शब्द आला, आणि त्याच्या मागनं एकेक करत बाकीचे आले, काही दोनदा, काही चारदा, पण आले सगळे. अप्पा, ती बाई तुमच्याकडं बघून म्हणाली. मला कळत होतं, तुम्हाला माहीत होतं. तुम्ही हसलात.

"मी?" अप्पा म्हणाले. "मी कुठं हुतो तिथं? मी चहाचं बघाया आत..."

"चहा मी केला हुता," अव्वा म्हणाली. आयुष्यात नवऱ्याचं बोलणं मध्ये तोडलं नव्हतं त्या बाईनं. "तुम्ही तिथंच हुता. म्या बी ऐकलं आतून."

अप्पांनी एकदा अव्वाकडं बघितलं, एकदा विरेशकडं. मग त्यांचा आवाज चढला. "हसलो! बरं, हसलो! मग काय करायचं हुतं? त्या बाईला कळलं हुतं गं तुझं. कळलं, आणि तरी बरं झालं म्हणाली! हो म्हणाली ती! एवढी स्थळं आली न् गेली, तुझं तोंड उघडलं की उठून गेली, ही पहिली बाई जिला कळूनसुद्धा चाललं. मला वाटलं, सुटलो. लई आनंद झाला मला. आनंदानं हसलो, झालं? आणि तू आत जाऊन बसलीस नाही म्हणून."

ती भीती नव्हती तर. पाहुण्यांचा मानही नव्हता. इतकी वर्षं तिनं त्यांच्या वतीनं जी कारणं दिली होती त्यातलं एकही नव्हतं. अप्पा मनापासून हसले होते. तिला तोंड नाही याचा त्यांना आनंद झाला होता, कारण तसलीच कुणालातरी चालणार होती. तिला वाटलं आता रडू येईल, बाकीच्यांनाही तेच वाटलं असणार, कारण अव्वा पुढं सरकली. रडू आलं नाही. पोटातला राग काही विझला नाही, पण मघापासून तो सगळीकडं पेटत होता, विरेशवर, बासरीवर, आत्यावर, तो आता एका जागी येऊन बसला. तिनं विरेशपुढं हात केला. "ते काढ," ती म्हणाली. "म-म-माझं लाव."

"अक्का, कोण थांबतंय गं एवढं?" विरेशचा आवाज रडवेला झाला होता. "पहिल्या मिनिटातच लोक पुढं जातील. हसतील. तुला कळत कसं न्हाय? तुझ्यासाठीच केलं ना मी? आणि अप्पांचं ते... मुरूमपर्यंत गेलंय ना सगळं, आता समाजात..."

"ज-जाऊ दे," ती म्हणाली. विरेशनं वरणाचा हात सदऱ्याला पुसला, मोबाइल काढला, त्यावर बराच वेळ काहीतरी केलं, मध्ये एकदा तिच्याकडं वर बघितलं. ती तशीच उभी होती. मग त्यानं मान डोलावली. लागलं. अप्पा खुर्चीत मागं टेकले होते आणि छताकडं बघत होते. भुवनेश्वरी आत गेली, गाद्यांच्या खोलीतून तो कॉलरचा माइक घेऊन आली, वायर आपल्या मोबाइलला जोडली आणि चिमटा उघडून अप्पांसमोर धरला.

"आ-आत्ता जे बोललात," ती म्हणाली, आणि हे वाक्य आजवरच्या सगळ्या वाक्यांपेक्षा लांब होतं, आणि तिनं ते तसंच लांब होऊ दिलं, "ते पण सांगायचं राहिलंय. तुम्ही सांगता, का मी सांगू?"

बाजारात सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोलणारा माणूस. आडतीत ज्यांचा आवाज नुसता ऐकून भाव कळायचा ते शरणबसप्पा. त्यांनी त्या एवढ्याशा काळ्या बोंडाकडं बघितलं. तोंड उघडलं. ओठ हलले, पुन्हा मिटले. एकदा घसा खाकरला. कुणी त्यांना मदत केली नाही. शेवटी त्यांनी हातानंच माइक बाजूला सारला.

"मला न्हाय जमायचं," ते म्हणाले. "तूच सांग."

भुवनेश्वरीनं चिमटा स्वतःच्या ओढणीला लावला. दुसरी खुर्ची ओढून त्यांच्या समोर मांडली, मोबाइल मांडीवर ठेवला. अप्पा उठायला लागले.

"ब-ब-बसा," ती म्हणाली. "आणि मध्ये बोलू नका."